नागपूरची पणजी, मिशिगनची लेखिका

गेल्या डिसेंबरात भाचीची मुलगी अमेरिकेहून आठ दिवस आमच्याकडे सुरतजवळच्या सचिनला राहायला आली होती. वय वर्षं दहा. पहिल्या दिवशी पोंक, म्हणजे इकडचा ज्वारीचा हुरडा, झाला, दुसऱ्या दिवशी उंधियू, तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं आणि मग ती जी झोपाळ्यावर आडवी झाली ती एक जाडसर इंग्रजी पुस्तक घेऊनच. घरामागच्या मुंबई-सुरत लाइनवरून गाड्या धडधडत जात होत्या, समोर टेम्पोत साड्यांचे गठ्ठे चढत होते, पण हिची मान वर होईना. दुपारी चारच्या सुमारास पुस्तकात बोट घालून तिने विचारलं, "मामाआजोबा, नागपूर इथून किती लांब?"

"रात्रभराची गाडी," मी म्हटलं. "उधन्याला बसायचं. नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा, की आलं नागपूर. का ग?"

"ज्यांनी हे पुस्तक लिहिलंय ना, त्यांची पणजी तिथली होती."

पुस्तकाचं नाव होतं 'अहिंसा' आणि लेखिका सुप्रिया केळकर. आडनाव वाचून मी चष्मा चढवला. पुस्तक न्यूयॉर्कचं, भाषा इंग्रजी, वाचक अमेरिकेतल्या पाचवी-सहावीतली मुलं आणि गोष्ट 1942 सालच्या हिंदुस्थानातली. रात्री पोरगी झोपल्यावर मी ते हळूच उचललं आणि दोन बैठकीत संपवलं. मग या बाईंनी आणखी काय लिहिलंय ते शोधायला लागलो. अमेरिकेत वाढून, अमेरिकन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारी मराठी घरातली लेखिका. आपल्याकडे तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या पणजीबद्दल. अनसूयाबाई काळे हे नाव नागपूरकरांना ऐकून ठाऊक असतं, बाकीच्या महाराष्ट्राला फारसं नाही. 1937 साली प्रांतांमध्ये निवडून आलेली सरकारं बसली, तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत त्या उपसभापती होत्या. त्या काळी बाईने सभागृहात नुसतं बोलणंही लोकांना नवल वाटायचं, इथे तर बाईच्या परवानगीने बोलायचं होतं. स्वातंत्र्यानंतर 1952 ची पहिली लोकसभा आणि 1957 ची दुसरी, दोन्ही वेळा नागपूरने त्यांनाच दिल्लीला पाठवलं. 1958 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत निवडून आले ते लोकनायक बापूजी अणे, एवढ्यावरून त्या जागेचं वजन कळावं.

यात एक गंमत आहे, ती मी पोरीलाही सांगितली. अनसूयाबाई पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं, राजधानीच होती ती. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात. आणि सचिनसकट अख्खा सुरत जिल्हाही तेव्हा त्याच मुंबई राज्यात होता. म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 पासून 1960 च्या एप्रिलअखेरपर्यंत नागपूर आणि सचिन एकाच राज्यातली गावं होती. आज आम्ही 'बाहेरचे मराठी' म्हणवले जातो, तेव्हा कोणीच बाहेरचं नव्हतं.

अनसूयाबाईंचं नाव मात्र सर्वांत घट्ट जोडलं गेलं ते चिमूर-आष्टीशी. चिमूर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं, आष्टी वर्धा जिल्ह्यातलं. 'चले जाव'ची हाक आणि पाठोपाठ नेत्यांची अटक होऊन आठवडा झाला होता. 16 ऑगस्ट 1942 रोजी दोन्ही गावांत लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसं मेली, मग जमावाने सरकारी अंमलदार आणि पोलीस मारले. पुढे चिमुरात लष्कर शिरलं आणि गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं. दोन्ही गावांतल्या लोकांवर खटले चालले, अनेकांना फाशी सुनावली गेली. या फाशी सुनावलेल्यांचे जीव वाचावेत म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले त्यांत अनसूयाबाई पुढे होत्या. शेवटी 1945 मध्ये उरलेल्यांची फाशी टळून जन्मठेप झाली.

यात एक अवघड गाठ आहे. ज्यांच्यासाठी अनसूयाबाई झटल्या त्यांच्या नावावर अंमलदारांचे खून होते आणि त्या स्वतः गांधींच्या बाजूच्या. अहिंसा मानणाऱ्या बाईने हिंसेच्या गुन्ह्यात अडकलेल्यांचे जीव वाचवायला धावावं, हे मुलांना समजावून सांगणं सोपं नाही. पणतीने पुस्तकाचं नाव 'अहिंसा' ठेवलं, तेव्हा ही गाठ तिच्या मनात असणारच असं मला वाटतं.

कादंबरीत चिमूर येत नाही, आणि अनसूयाबाईंचं चरित्र म्हणूनही ती लिहिलेली नाही. नायिका आहे अंजली, वय वर्षं दहा. गांधीजी सांगतात, प्रत्येक घराने एक माणूस चळवळीला द्यावं. अंजलीच्या घरातून कोण जाणार? वडील नाही, आई जाते. आणि आई चळवळीत गेली म्हणजे घरात नेमकं काय होतं, इथून पुस्तक खरं सुरू होतं. सगळ्यात आधी कपडे जातात. अंजलीचे आवडते, रंगीत, झुळझुळीत परदेशी कापडाचे घागरे होळीत पडतात आणि अंगावर खादी येते, जाडीभरडी, टोचणारी. तिला ती मुळीच आवडत नाही, आणि लेखिकेने ते लपवलेलं नाही. आपल्याकडच्या बालसाहित्यात अशा वेळी मुलगी डोळ्यांत पाणी आणून स्वतःच कपडे आगीत टाकते आणि आई तिला पोटाशी धरते. इथे मुलगी चिडते, रुसते, आईला नको नको ते बोलते. कपड्यांच्या धंद्यावर जगणाऱ्या सचिनसारख्या गावात बसून हा भाग वाचताना मजा आली. आमच्याकडच्या दहा वर्षांच्या कुठल्याही पोरीला सांगून बघा, तुझा चणियाचोळीचा जोड जाळायचाय म्हणून.

दुसरा धडा कपड्यांहून जड आहे. आईच्या डोक्यात अस्पृश्यतेचा प्रश्न शिरतो. घरचा संडास साफ करायला येणारा मुलगा अंजलीच्या बरोबरीचा असतो, पण त्याच्याजवळ जायचं नाही हे तिला कोणी मुद्दाम न शिकवताही ठाऊक असतं. मायलेकी ते मोडायला निघतात, आणि निघताना चुका करतात. आपण कोणाचं तरी भलं करतोय हा तोरा त्यांच्या वागण्यात असतो. ज्यांचं भलं करायचं त्यांना काय हवं, हे विचारायचं त्यांना सुचत नाही. 'हरिजन' हा शब्द गांधींनी प्रेमाने दिला खरा, पण ज्यांना दिला त्यांनी तो मागितला होता का? बाबासाहेबांच्या बाजूचा हा सवाल अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकात, एका दहा वर्षांच्या मुलीच्या गोष्टीत, नीट उभा राहिला आहे. मराठीत साने गुरुजी आठवतात. त्यांनी आईची गोष्ट मुलांना दिली आणि 1947 मध्ये पंढरपूरचं देऊळ सर्वांना उघडावं म्हणून उपोषणही केलं. जिथल्या शाळेत ते शिकवायचे ते अमळनेर या नागपूरच्या वाटेवरच लागतं, आणि सचिन-उधन्यातली निम्मी मराठी घरं त्याच लाइनवरून इकडे उतरलेली आहेत.

पुस्तकात उणं काही नाही असं नाही. चले जाव, स्वदेशी, अस्पृश्यता, हिंदू-मुसलमान दंगल, तुरुंग, उपोषण असं सगळंच एका वर्षात, एका घराच्या अंगणात आणून ठेवल्यामुळे मध्यंतरी दमछाक होते. खादी म्हणजे काय, चरखा म्हणजे काय, हे समजावत जावं लागतं, ते आपल्याला जरा संथ वाटतं. पण ते पुस्तक आपल्यासाठी लिहिलेलंच नाही. ओहायोच्या कुठल्यातरी गावात गांधी हे नाव फक्त पोस्टरवर पाहिलेल्या मुलासाठी ते लिहिलंय, हे ध्यानात धरून वाचावं.

आता लेखिकेबद्दल. सुप्रिया केळकर अमेरिकेच्या मिडवेस्टात, मिशिगन राज्यात वाढल्या. डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यांमुळे त्या भागात आपले इंजिनियर पुष्कळ. त्यांच्या परिचयात एक वाक्य हमखास असतं: लहानपणी आठवड्याला तीन हिंदी सिनेमे बघून त्या हिंदी शिकल्या. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना हे ऐकून हसू येईल. भारतीय किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांशेजारी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळायच्या. शनिवारी डाळ-तांदूळ-मसाल्याबरोबर दोन-तीन कॅसेटी घरी यायच्या आणि सोमवारी परत जायच्या. कॉपीची कॉपी, चित्र हलणारं, गाण्यांच्या मध्ये दुकानांच्या जाहिराती. पण मुलांच्या कानावर भाषा पडायची.

इथे आमच्या गावाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सचिन म्हणजे आज जीआयडीसी, डाइंग मिलांचा वास आणि हिऱ्यांचं एसईझेड. पण 1948 पर्यंत हे संस्थान होतं, आणि नवाब होते जंजिऱ्याचे सिद्दी. जंजिऱ्याच्या गादीवरच्या हक्काच्या बदल्यात पेशवाईने 1791 मध्ये त्यांना इकडे मुलूख दिला. या घराण्यातल्या नवाबाची मुलगी म्हणून सांगितली जाणारी जुबेदा ही 1931 साली 'आलम आरा'ची नायिका झाली. हिंदी सिनेमा पहिल्यांदा बोलला तो याच चित्रपटात. तिची आई फातमा बेगम हिने त्याआधीच, 1926 मध्ये, 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला होता, देशातली पहिली बाई दिग्दर्शक ती. तेव्हा मिशिगनमधली एक मराठी मुलगी ज्या बोलपटांवर हिंदी शिकली, त्यांतल्या पहिल्याच्या नायिकेचा बाप आमच्या सचिनचा, असं मी भाचीच्या मुलीला सांगितलं. तिने "कूल" म्हटलं. तिच्याकडून ही मोठी दाद समजायची.

सिनेमाच्या या नादातून सुप्रियाबाई पटकथेकडे वळल्या आणि थेट विधू विनोद चोप्रांच्या कंपनीच्या लेखनचमूत गेल्या. 2006 चा 'लगे रहो मुन्नाभाई' आणि 2007 चा 'एकलव्य' यांच्या लेखनचमूत त्यांचं नाव आहे. पुढे 'ब्रोकन हॉर्सेस' या हॉलिवूडपटावर त्या सहयोगी निर्मात्या होत्या. 'मुन्नाभाई'त मुंबईच्या एका टपोरीला गांधी दिसायला लागतात, हे आठवत असेलच. ते गांधी झाले होते आपले दिलीप प्रभावळकर, जे मुलांसाठी 'बोक्या सातबंडे'ही लिहितात. गांधी, सिनेमा आणि मुलांची पुस्तकं या तिन्हींची गाठ अशी एका चित्रपटात पडली होती. सुप्रियाबाईंच्या बाबतीत ती पुढे पुस्तकांतही टिकली.

कादंबरी छापणं सिनेमापेक्षा कठीण गेलं असणार, कारण अमेरिकेतल्या बालपुस्तकांच्या कपाटाचा इतिहास तसाच आहे. 1965 मध्ये नॅन्सी लॅरिक या बाईंनी तीन वर्षांतली 5206 बालपुस्तकं तपासली. काळी व्यक्ती जेमतेम 349 पुस्तकांत सापडली. टक्केवारी 6.7, आणि त्यातही बरीचशी दुसऱ्या देशांतल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गोष्टींत. भारतीय मुलांची तर मोजणीच नव्हती. तसं पाहिलं तर धनगोपाल मुकर्जी या बंगाली लेखकाला 1928 मध्येच न्यूबेरी पदक मिळालं होतं, कबुतराच्या गोष्टीसाठी. अमेरिकेतला हा बालसाहित्याचा सर्वोच्च मान. पण ते हिमालयातलं कबुतर होतं. अमेरिकेच्या शाळेत डबा उघडताना लाजणारी भारतीय मुलगी पुस्तकात यायला पुढे कितीतरी दशकं जायची होती.

ती वाट मोकळी करायला छोट्या प्रकाशकांचा हात लागला. न्यूयॉर्कची ली अँड लो ही प्रकाशनसंस्था 1991 मध्ये याच कामासाठी निघाली. गोऱ्या नसलेल्या नव्या लेखकांच्या पहिल्या कादंबरीसाठी तिने 'न्यू व्हिजन्स' पुरस्कार ठेवला. हस्तलिखित पाठवायचं, निवड झाली तर पुस्तक छापून येतं. 'अहिंसा'ला तो मिळाला आणि 2017 मध्ये, चले जावच्या पंचाहत्तराव्या वर्षी, पुस्तक बाजारात आलं.

तिकडे आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या कादंबऱ्यांना 'मिडल ग्रेड' म्हणतात. आपल्याकडे 'कुमार वाङ्मय' हा जुना, छान शब्द आहे, तोच तो. मूल स्वतः वाचतं, पण अजून आईबापांच्या घरातच असतं, जग दारापर्यंत आलेलं असतं. सुप्रियाबाईंच्या बहुतेक नायिका याच उंबऱ्यावर उभ्या आहेत.

मला स्वतःला सगळ्यांत आवडलं ते 2020 चं 'अमेरिकन ॲज पनीर पाय'. अमेरिकेत एखादी गोष्ट अस्सल देशी म्हणायची तर ॲपल पायचं नाव घेतात, त्यावरची ही कोटी. मिशिगनच्या छोट्या गावातली लेखा ही तिच्या वर्गातली एकटीच भारतीय मुलगी. तिच्या कपाळाच्या मधोमध जन्मखूण आहे, नेमकी टिकलीसारखी. गंध, टिकली, कुंकू हा आपल्याकडे दागिना, पण तिथे त्यावरून चिडवतात. म्हणून ती केस पुढे ओढून कपाळ झाकते. शाळेत एक लेखा, घरी दुसरी. मग समोरच्या घरात भारतातून नुकतीच आलेली अवंतिका राहायला येते. ती काही झाकत नाही, आपले शब्द आपल्यासारखेच बोलते, कोणी हसलं तर उलट बोलते. लेखाला आधी तिचीच लाज वाटते, हे फार खरं उतरलंय. परक्या मुलखात आपल्यातल्याच नवख्या माणसाची लाज वाटणं.

ही गोष्ट समजायला मिशिगनला जायची गरज नाही. आमच्या गल्लीत घरी अहिराणी, शाळेत गुजराती, कारखान्याच्या गेटावर हिंदी बोलणारी पोरं ढिगाने आहेत. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण पुढे सगळ्यांना दुसऱ्या भाषेच्या वर्गात बसावं लागतं. माझा मुलगा पाचवीत असताना मित्रांसमोर आजीला 'बा' म्हणायचा आणि घरात शिरला की 'माय'. एकदा ती शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर "काय रे भाऊ, जेवना का?" म्हणाली. पोरगं दोन दिवस तिच्याशी बोललं नाही. लेखाचं पुस्तक वाचताना ती फाटकाशी उभी असलेली माझी आई सारखी समोर येत राहिली. डब्यात कळण्याची भाकरी होती.

बाकीची पुस्तकं थोडक्यात सांगतो. 'स्ट्राँग ॲज फायर, फिअर्स ॲज फ्लेम' ही 1857 मधल्या मीराची गोष्ट. तेराव्या वर्षी विधवा होते, सती जायला लागू नये म्हणून पळते आणि कंपनी सरकारच्या एका सेनाधिकाऱ्याच्या घरी मोलकरीण होते. ताकदीची आहे, पण जराशी सिनेमावळणी. 'दॅट थिंग अबाउट बॉलिवूड'मधली सोनाली मनातलं कधी बोलत नाही, आईबाप वेगळे होतायत तरी गप्प. एके दिवशी तिच्या भोवतालचं जगच हिंदी सिनेमासारखं वागू लागतं आणि तिच्या तोंडून आपोआप गाणी फुटायला लागतात. कल्पना भन्नाट. आठवड्याला तीन सिनेमे बघितल्याचं चीज झालं म्हणायचं.

अगदी लहानांसाठी चित्रपुस्तकंही आहेत. एकात हरप्रीत सिंग नावाचा छोटा शीख मुलगा मनःस्थितीप्रमाणे पटक्याचा रंग बदलतो. धीर हवा तेव्हा लाल, आणि नव्या बर्फाळ गावात एकटा पडल्यावर करडा. 'बिंदूज बिंदीज'मध्ये नात आणि आजी जोडीने टिकल्या लावतात. लेखाने जे झाकलं तेच बिंदू मिरवते, आणि दोन्ही पुस्तकं एकाच हाताची आहेत.

भाचीच्या मुलीने जाण्याच्या आदल्या दिवशी विचारलं, "अनसूयाबाईंचं मराठीत पुस्तक आहे का? मुलांचं?" ज्या बाईने फाशीच्या कैद्यांसाठी उंबरे झिजवले, तिचं नाव या पोरीला न्यूयॉर्कच्या इंग्रजी पुस्तकातून कळलं. मी कपाट उघडून उभा राहिलो. साने गुरुजी होते, भा. रा. भागवत होते, 'बोक्या' होता. तिने 'बोक्या' घेतला, अक्षरं लावत वाचायला लागली, आणि 'अहिंसा' माझ्यासाठी ठेवून गेली. आता ते पुस्तक गल्लीत फिरतंय. समोरच्या बिऱ्हाडातली आठवीतली मुलगी रोज दोन पानं गुजरातीत आपल्या मैत्रिणींना सांगते, अडलं की मला विचारायला येते.

तुमच्याकडे अमेरिकेहून कोणी यायचं असेल, तर या खेपेला बदाम आणि चॉकलेटं सांगू नका. सुप्रिया केळकरांचं एखादं पुस्तक सांगा. आणि तुम्ही प्रकाशक असाल, तर 'अहिंसा'च्या मराठी हक्कांसाठी पत्र टाका.